‘उलटी टिटवी’ किती दिवस चालला असता?

प्रश्न : १९९७ साली सुरू होता होता राहिलेला ‘उलटी टिटवी’ हा सुपरहिरोपट पुरा झाला असता, तर चालला असता का?

केशव मेस्त्री, वय ८१, दिग्दर्शक (होता होता राहिलेले) : पंचवीस आठवडे. तेही कमी सांगतोय.

वैजयंता साळोखे, वय ५९, नायिका (होता होता राहिलेली) : माझ्यामुळं राहिला, एवढं मला ठाऊक आहे.

हे दोन जबाब मेळ्याच्या पत्रिकेवर शेजारीशेजारी छापले होते. कोल्हापुरात गेली चार वर्षं न झालेल्या चित्रपटांचा मेळा भरत होता. दरवर्षी एकच सिनेमा घ्यायचा. सकाळी त्यावर वाद, दुपारी यंत्राचा निकाल. यंत्र ‘चालला असता’ म्हणालं, की यंत्रानेच तयार केलेला तो सिनेमा तिथल्या तिथे दाखवायचा, आणि पुढच्या शुक्रवारी राज्यभर लावायचा, मूळ माणसाच्या नावाने. एकच अट होती. ज्याचा चेहरा पडद्यावर दिसणार, त्याने अंगठा द्यायला हवा.

मेस्त्रींच्या नावावर एकही सिनेमा नव्हता. वैजयंताने तो अंगठा द्यायचं कधीच ठरवून टाकलं होतं. बेचाळीस वर्षांचं मनावरचं ओझं एका अंगठ्याने उतरणार असेल, तर कोण नाही म्हणेल?

*

सकाळचा वाद चांगलाच रंगला.

“टिटवी म्हणे पाय वर करून झोपते,” विरोधी बाजूच्या समीक्षकाने सुरुवात केली. “आभाळ पडलंच तर पायांवर तोलता यावं म्हणून. ही आजीबाईची गोष्ट यांनी उचलली आणि नायिकेची शक्ती करून टाकली. आभाळातून उपग्रह पडतो, विमान पडतं, वीज पडते, आणि ही पोरगी दोराला उलटी लटकून सगळं तळपायांवर झेलते! विमान पुठ्ठ्याचं. आकाश फळीवर रंगवलेलं. लोक हसले असते हो.”

“मग? हसायला तिकीट लागत नाही व्हय?” मागच्या रांगेतून आवाज आला. हॉल खिदळला.

मेस्त्री काठी टेकत उठले. “फळीवर रंगवलेलं आकाश म्हणतोस, बाळा? मी रंगवलेल्या आकाशावर पाखरं येऊन धडकलीत. विचार जुन्या माणसांना.”

हे पूर्ण खोटं नव्हतं. मेस्त्री मूळचे पोस्टर रंगवणारे. दुसऱ्यांचे नायक त्यांनी चाळीस चाळीस फूट उंच रंगवले होते. संगणकाच्या करामती करायला त्या काळी त्यांच्यापाशी काही नव्हतं, म्हणून त्यांनी तालमीतली दोरीच्या मल्लखांबावरची मुलगी शोधली. सतरा वर्षांची वैजू साळोखे. दोर तेवढा दिसू द्यायचा नाही, बाकी सगळं खरं, असा त्यांचा हिशेब होता.

“आई, तू पण बोल की,” शेजारी बसलेली केतकी चिरमुऱ्यांची पुडी पुढे करत म्हणाली.

“मी काय बोलू? मी तर पळून गेले होते,” वैजयंता म्हणाली आणि मूठभर चिरमुरे घेतले.

*

का पळाली, ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, मुलीलाही नाही. आणि आपण मल्लखांब शिकवत असलेल्या पोरींना तर अजिबातच नाही.

दोरीच्या मल्लखांबात एक रीत आहे. वस्ताद ‘उतर’ म्हणेपर्यंत आसन सोडायचं नाही. वर लटकलेल्या मुलीला सगळं जग उलटं दिसत असतं, वेढा कुठे सैल झालाय ते कळत नाही. ते खालच्याला दिसतं. वस्ताद म्हणायचे, “दोरावर असेस्तोवर शरीर तुझं नव्हं, माझं हाय.” न सांगता उतरणं म्हणजे देवाच्या पेटीत हात घालण्याइतकं वाईट.

चाचणीच्या दिवशी वस्ताद पाहुण्यांच्या दहाव्याला गेले होते. वैजू उलटी लटकली, तळवे आभाळाकडे. खाली कॅमेऱ्यापाशी मेस्त्री नुसते नाचत होते. “वा! वा! थांब अशीच! हलू नको!” एक मिनिट गेलं. पाय बधिर झाले. कुणी ‘उतर’ म्हणेना. आणि वैजू आपली आपण उतरली.

मग चपला हातात घेतल्या आणि चालू लागली. परत गेलीच नाही. लाजच तेवढी वाटली होती. गावाने त्याला माज म्हटलं. मेस्त्रींनी “पोरीला नाटकं सुचली” म्हटलं. जे पैसे घालणार होते, ते मागे सरले. मेस्त्री पुन्हा पोस्टरं रंगवायला गेले. तेवढ्यात छापील फलक आले आणि पोस्टरंही गेली.

*

यंत्राचं नाव ‘फाटा’. ते भविष्य सांगत नाही. मागे जाऊन घडलेल्या रस्त्याला एका ठिकाणी फाटा काढतं आणि त्या फाट्याने चालत सुटतं. इथे फाटा एवढाच : चाचणीच्या दिवशी मुलगी निघून जात नाही.

पुढचं सगळं जमवायला तीन गोष्टी लागतात. पहिली, सिनेमा : संहिता, मेस्त्रींची चित्रं, चाचणीची अकरा मिनिटांची रीळ. दुसरी, करणारा माणूस : मेस्त्रींच्या सतरा वह्या, साठेक पत्रं, त्यांनी आयुष्यभर कधी काय ठरवलं त्याच्या नोंदी, त्यांवरून ‘हा माणूस अशा वेळी काय करेल’ याचा अंदाज. तिसरी, बघणारे : त्या साली कुठल्या गावात कुठला सिनेमा किती चालला, मासिकांना कुणी काय पत्रं लिहिली, परीक्षा कधी होत्या, वीज कधी जायची. या सगळ्यातून यंत्र चाळीस हजार प्रेक्षक घडवतं. ती माणसं नव्हेत. माणसांच्या सवयी उचलून चालणाऱ्या सावल्या म्हणा. पण तिकिटाच्या रांगेत उभं राहायला तेवढं पुरतं.

मग त्याच फाट्याने यंत्र दहा हजार वेळा चालतं. दर वेळी काहीतरी बारीक बदलतं. एखाद्या दिवशी पाऊस येतो, एखाद्या दिवशी कॅमेरा अडतो, कुणी दहाव्याला जातो, कुणी जात नाही. दहा हजार वेळांत जे दोन हजारांहून जास्त वेळा घडतं, ते घडलं असतं असं धरायचं, आणि त्यातलं सगळ्यांत भलं ते निकाल म्हणून सांगायचं.

*

निकाल जाहीर करण्याआधी यंत्र चालवणाऱ्या रेणू तोरोने दोघांना बाजूच्या खोलीत बोलावलं. पस्तिशीची मुलगी, सकाळी भरपूर हसत होती. आता तिचं तोंड सुकलं होतं.

“चालला?” मेस्त्रींनी बसायच्या आधीच विचारलं.

“चालला. पण काका, आधी बसा.”

“किती?”

“एकोणीस आठवडे.”

मेस्त्री बसलेच नाहीत. त्यांनी वैजयंताचं मनगट धरलं. “वैजू, ऐकलंस? एकोणीस! पंचवीस म्हणालो होतो, जरा चुकलो. पावसाळ्यानं खाल्ले असतील सहा. पण चालला!”

“अभिनंदन, काका.” ती मनापासून म्हणाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. म्हणजे खरंच आपण या माणसाचं सगळं घालवलं. आजवर निदान शंका तरी होती.

“थांबा,” रेणू म्हणाली. “दहा हजारांपैकी अडतीसशे वेळा सिनेमा पुराच होत नाही. एकेचाळीसशे वेळा होतो आणि नऊ दिवसांत उतरतो. उरलेल्या एकवीसशे वेळा एकोणीस आठवडे. मधलं काहीच नाही. असं कधी होत नाही. एरवी थोडं इकडे, थोडं तिकडे असतं. इथे नुसते दोन ढीग. म्हणून मी शोधलं, दोन ढिगांत फरक कशाचा.”

“संगीत वेगळं घेतलं असंल,” मेस्त्री म्हणाले.

“नाही.” रेणूने समोरचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि पुन्हा आपल्याकडे फिरवून घेतला. “ताई, त्या एकवीसशे वेळा तुम्ही चित्रीकरणाच्या तेविसाव्या दिवशी वारता.”

“कोण?”

“तुम्ही.”

वैजयंताने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. गुडघे होते. डावा रोजच्यासारखा ठणकत होता. भिंतीपलीकडे हॉलमध्ये केतकी बसली होती, मेळ्याचा चहा कसा पांचट आहे ते कुणाला तरी सांगत असणार. एकवीसशे वेळा ती खुर्ची रिकामी होती. रिकामी तरी कशी? त्या खुर्चीवर बसणारी केतकी जन्मालाच आली नव्हती.

“वाचून दाखव,” ती म्हणाली.

रेणूने वाचलं. “स्थळ, पाण्याची टाकी, उंची साठ फूट. दोर सुती, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून आकाशी ऑइलपेंट दिलेला. वस्ताद जागेवर नाहीत. उलट्या आसनाचा अवधी एक मिनिट बावन्न सेकंद. दिग्दर्शकाची सूचना, ‘थांब अशीच.’ ‘कट’ म्हटल्याची नोंद नाही.”



“रंग मी देणार होतो,” मेस्त्री हळूच म्हणाले. “वहीत लिहिलंय. दोर आभाळात मिसळून गेला असता.”

“ऑइलपेंटवर बोटं टिकत नाहीत, काका. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट, यांच्यात धरतात दोर. त्याला खरबरीतपणा लागतो,” वैजयंता म्हणाली.

“हे मला कोण सांगणार होतं? मी पोस्टरवाला! पोस्टर काय घसरून पडतंय? आणि तुझं तुला कळत नव्हतं? चाचणीला उतरलीस की आपली आपण! त्या दिवशी का नाही उतरलीस?”

तो सगळा राग एका मेलेल्या मुलीवर होता, आणि ती समोरच बसली होती. मग वैजयंताने बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. रीत सांगितली. दहावा सांगितला. चपला का हातात घेतल्या ते सांगितलं. “आणि एकदा न सांगता उतरल्याची लाज पोटात घेऊन मी कामावर राहिले असते ना, काका, तर पुन्हा मेले तरी उतरले नसते. तेच झालंय या एकवीसशे वेळांत.”

“म्हणजे तू वर ‘उतर’ची वाट बघत होतीस.”

“हो.”

“आणि मी खालनं म्हणत होतो, थांब अशीच.” मेस्त्री आता कुठे खुर्चीत बसले. “मला वाटायचं, तुला आवडतंय.”

*

यंत्राने घडवलेल्या प्रेक्षकांनी, न झालेल्या सिनेमाबद्दल, न निघालेल्या अंकांना लिहिलेली पत्रं. रेणूने दोघांना वाचायला दिलेल्या ढिगातली वरची तीन :

बार्शी. तिसऱ्यांदा पाहिला. ती पडते तिथे शेजारच्या बाईंनी हात जोडले. मीही जोडले. चौथ्यांदा आईला घेऊन जाणार आहे.

निपाणी. गर्दीमुळे तिकीट मिळत नाही. फक्त तेवढा भाग पाहायचा असल्यास मध्यंतरानंतर आत सोडतात काय, कृपया कळवावे.

इस्लामपूर. बिचारी. गाणी ठीक.

*

“फक्त तेवढा भाग?” मेस्त्रींनी मधलं पत्र पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. “म्हणजे तो शॉट सिनेमात आहे?”

“आहे.”

“कुणी ठेवला?”

रेणूने पत्रांचा ढीग सारखा केला.

“अगं, निर्मात्यानं ठेवला असंल. संकलकानं. कुणी ठेवला?”

“काका, काय ठेवायचं हे तुमच्या वह्या-पत्रांवरून ठरतं. एकवीसशेपैकी दोनशे वेळा निर्मात्याने ठेवलाय. उरलेल्या एकोणीसशे वेळा तुम्ही.”

“तुझ्या यंत्राच्या तर...” मेस्त्री ताडकन उठले. काठी पडली. “माझ्या मांडीएवढी पोर ती! तिला मरताना दाखवीन मी? पोस्टरं रंगवली म्हणजे काय खाटीक झालो? वैजू, तू सांग हिला. मी असला माणूस आहे?”

वैजयंताने काठी उचलून त्यांच्या खुर्चीला टेकवली.  ती या माणसाला अकरा मिनिटं ओळखत होती, आणि त्यातलं एक मिनिट तर उलटं.

मेस्त्री खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.  मग त्यांनी विचारलं, आवाज एकदम वेगळा, कामातला :

“कुठनं घेतलाय? खालनं?”

“खालून,” रेणू म्हणाली.

“आभाळ पुरं येतंय?”

“येतंय.”

“दोर?”

“दिसत नाही.”

त्यांचे दोन्ही हात वर गेले. अंगठे आणि तर्जन्या जुळवून त्यांनी हवेत चौकट केली, एक डोळा मिटला, आणि त्या चौकटीतून खिडकीबाहेरच्या आभाळाकडे पाहिलं. चौकट जराशी वर सरकवली. मग खाली आणली, पडत्या गोष्टीमागे न्यावी तशी.

मग त्यांना आपले हात दिसले.

वैजयंताच्या अंगावर काटा आला. मरणाची बातमी ऐकूनही जो आला नव्हता, तो आता आला.

मेस्त्रींनी हात कोटाच्या खिशात घातले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, “ठेवला असता.”

*

हॉलमध्ये पडदा सरकला, तेव्हा रेणूने एवढंच जाहीर केलं, “चालला असता. एकोणीस आठवडे.” शिट्ट्या, टाळ्या. विरोधी समीक्षकाने हसत कान धरले. “काका, भाषण!” कुणीतरी ओरडलं.

मेस्त्रींनी माईक घेतला. “चालला असता,” ते म्हणाले, “कारण ही पोरगी त्यात मेली असती. मी रंगवलेल्या दोरावरनं. आणि ती पडताना मी कॅमेरा बंद केला नसता, आणि तो तुकडा मी कापला नसता. लोक तेवढ्यासाठीच आले असते. असा चालला असता.”

टाळ्या वाजवणारे साडेचारशे माणसांचे हात खाली आले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर पदर धरला. वैजयंताला वाटलं, संपलं. आता लोक उठतील, हळहळतील, घरी जातील.

“मग तोच दाखवा की!”

मागच्या रांगेतला सकाळचाच तो गमतीदार आवाज. थोडे हसले. कुणी “ए, गप रे” म्हणालं. पण दुसरा म्हणाला, “खरं तर काय, खोटाच आहे तो. यंत्राचा. ताई तर इथं उभ्या आहेत.” तिसरा म्हणाला, “अभ्यास म्हणून बघायला काय हरकत आहे?” मग कुठून तरी टाळ्यांचा ठेका सुरू झाला. दा-ख-वा. दा-ख-वा. तोंडावर पदर धरलेल्या बाईंनी पदर खाली केला होता आणि त्या नीट सरसावून बसल्या होत्या.

वैजयंताने केतकीला शोधलं. केतकी टाळ्या वाजवत नव्हती. पण आईकडेही बघत नव्हती. मान वर करून ती कोऱ्या पडद्याकडे बघत होती, श्वास रोखून.

सावल्या घडवायला यंत्राला एवढा खटाटोप कशाला लागला, असं वैजयंताच्या मनात येऊन गेलं.

रेणूने अंगठ्याची पाटी पुढे केली, पण हातातून सोडली नाही. “ताई, नाही म्हणा. नियमात बसतं.”

“दोन आहेत ना?” वैजयंताने विचारलं.

“काय दोन?”

“सिनेमे. एक नऊ दिवसांचा.”

“आहे. पण त्याला...”

“तो लाव.” तिने अंगठा टेकवला आणि माईक हातात घेतला. “दाखवतो. पण ज्यात मी वाचते, तो दाखवतो. दोन तास दहा मिनिटांचा आहे. ज्यांना बसायचंय त्यांनी बसा.”

“वैजू, नको,” मेस्त्री तिच्या कानाशी कुजबुजले. पहिल्यांदाच ते म्हातारे वाटले. “तो नऊ दिवसांत उतरलेला आहे. माझं नाव आहे त्यावर. हसतील गं लोक.”

“हसू देत. तुमचं नाव आहे, आणि माझा जीव आहे त्यात. चला, खाली बसू.”

*

विमान पुठ्ठ्याचं होतं. समीक्षक म्हणाला तसंच. उपग्रह पडताना त्याचा एक पत्रा आधीच निखळला आणि हॉल हसला. सतरा वर्षांची वैजू बोलताना कॅमेऱ्याकडे चोरून बघायची. पहिल्या अर्ध्या तासात मागच्या दोन रांगा गेल्या. मध्यंतराला चहा प्यायला गेलेले बरेचसे चहाबरोबरच गेले. दारात कुणीतरी रेणूला विचारत होतं, “दुसरा कधी लागणार?” यंत्राने या सिनेमाचा अंदाज बरोबर बांधला होता. उरले अठरा.

टाकीचा प्रसंग आला, तशी वैजयंताने खुर्चीचे हात धरले. मुलगी उलटी लटकली. मागे आभाळ, पुरं. दोर दिसत नव्हता. शेजारी मेस्त्रींनी डोळे मिटून घेतले होते. केतकी कधी तरी मागून येऊन आईच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. तिने आईचा हात हातात घेतला. पडद्यावर काही सेकंद गेले, मुलीचा चेहरा लाल झाला, आणि ऐन रंगात आलेला शॉट तिने मोडला. दोर पकडून सरसर खाली आली, ओशाळली, केस सारखे केले. पुढचा तुकडा दुसऱ्याच दिवशी घेतलेला होता, प्रकाश जुळत नव्हता. प्रसंगाचा पार विचका झाला होता.

“उतरली का?” मेस्त्रींनी डोळे न उघडता विचारलं.

“उतरली,” केतकी म्हणाली.

त्यानंतर ती मुलगी आणखी पन्नास मिनिटं पडद्यावर होती. तिने एक गाणं म्हटलं, ओठ मागेपुढे होत होते. सरपंचाशी भांडली. भाकरी खाल्ली, खरोखर भूक लागल्यासारखी. आभाळ आणखी दोनदा पडलं.

मेस्त्रींनी एक डोळा उघडला, मग दुसरा. थोडा वेळ पाहिलं. चुळबुळले. मान हलवली.

“मध्यंतरानंतर फार ढिला आहे गं. वीस मिनिटं सरळ काढायला पाहिजे होती.”

“गप बसा हो, काका,” पडद्यावरची नजर न काढता वैजयंता म्हणाली. “मला बघू द्या.”